पाच पौंड टेकवा, घोडी न्या

तीर्थरूप आईस,
व्हिएन्नाहून फेलिमचा दंडवत. मांडीची जखम भरली. लंगडतो, पण घोडीवर बसल्यावर कुणाला कळतंय?

काल इथल्या राणीसाहेबांसमोर माझ्या घोडदळाची कवायत झाली. पाहुणा आलेला इंग्रज राजाचा वकील माझ्या घोडीवरून हात फिरवत म्हणाला, "सेनापती, काय जनावर आहे!"

मी म्हटलं, "आवडली? आमच्या आयर्लंडात तुमचाच कायदा आहे ना, कॅथलिकाचं जनावर कितीही उमदं असो, कुणाही प्रोटेस्टंटाने पाच पौंड टेकवून ओढून न्यायचं? माझ्या बाबांची घोडी नेलीत तशीच. हा घ्या लगाम!"

मागे माझे स्वार खो खो हसले. वकिलाने हात पाठीमागे घेतला.

धाकट्या आर्टने शिंगरू अजून गवताच्या गंजीमागेच लपवलंय ना? राहू दे तसंच. माझे स्वार इथे आहेत गं, तिथे नाहीत.

तुझा हट्टी,
फेलिम