घरानं मला ओळखलं नाही त्याची हकिगत

आदरणीय दादांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे माझा, पूर्ण कपड्यांतला नमस्कार. तुमचा गुडघा आता जिने चढू देतो का? वहिनींचा खोकला कसा आहे? तुमच्या आई इथे आमच्याकडे ठणठणीत आहेत. इतक्या, की त्याचीच हकिगत कळवण्यासाठी हे पत्र. फोनच केला असता, पण आमच्या घरात हल्ली भिंतींना नुसते कान नाहीत, तोंडही आहे.

रविवारी कुटुंबाच्या ग्रुपवर टॉवेलातल्या एका घाबरलेल्या माणसाचा फोटो आला आणि त्याखाली 'घरात अनोळखी पुरुष' असं लिहिलं होतं. तो मीच. (तुम्ही त्याखाली अंगठा दाखवलात. तो कौतुकाचा होता असं मी धरून चालतो.)

झालं असं, की शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडे भरदिवसा चोरी झाली. तुमची बहीण दवाखान्यात नोकरीला, मी कारखान्यात आणि आई दिवसभर एकट्या, म्हणून ती काळजीत पडली. आता कारखान्यात सुरक्षा अधिकारी कोण, तर मी. संकटकाळी बाहेर पडायचं दार कधीही बंद ठेवू नये, यावर मी दर महिन्याला भाषण देतो (ऐकणारे डुलक्या घेतात, ते सोडा). मी घोषणा केली की आता घर आपली राखण आपणच करील. मग दाराचं बिनकिल्लीचं कुलूप, कॅमेरा, दिवे, पडदे, भोंगा आणि बोलणारा स्पीकर अशी वरात घरी आली. सगळे वेगवेगळ्या कंपन्यांचे, त्यामुळे एका छताखाली राहूनही कुणी कुणाशी बोलेना. (आपल्या नात्यातही अशी दोन घरं आहेत, नावं घेत नाही.) त्यांच्यात समेट घडवणारी एक ऑनलाइन सेवा मिळाली. अमुक झालं तर तमुक कर, एवढं तिला सांगायचं, की ती सगळ्यांना कामाला लावते. नोंदणीच्या वेळी माझ्या मोबाइलवर कोड येईना, म्हणून मी आईंचा नंबर दिला आणि विसरलो.

नियम मी मोठ्या हौसेनं लिहिले. आमचे दोघांचे फोन घराबाहेर गेले की दाराला कुलूप लागावं, ते आतूनही उघडू नये. आई दाराशी आल्या तरी स्पीकरनं ओरडावं आणि मला कारखान्यात सूचना यावी. घरातले सगळे फोन बाहेर गेले आणि आत कुणी हललं, तर भोंगा वाजावा, दिव्यांनी उघडझाप करावी आणि फोटो सगळ्यांना जावा. आई एकदा म्हणाल्या होत्या, की मी कोपऱ्यावर वर्तमानपत्र आणायला निघाले तरी घर ओरडतं. मी हसून म्हटलं, सवय होईल. त्या परत आत जाऊन बसल्या, आणि मी ते माझ्या यशात जमा केलं.

रविवारी मायलेकी चष्म्याच्या दुकानात गेल्या. तुमच्या बहिणीनं स्वतःच्या फोनबरोबर माझाही पर्समध्ये टाकला (दोन्हींची कव्हरं सारखी, आणि ती निवडही माझीच). मी अंघोळीत. घराच्या मते घर रिकामं झालं. मी न्हाणीघराबाहेर पाऊल टाकलं आणि भोंगा असा काही बोंबलला, की मी स्वतःच चोर शोधू लागलो. पडदे सरसर बंद झाले. मी स्पीकरला थांब म्हणून ओरडलो, तर त्यानं अत्यंत अदबीनं सांगितलं, की तुमचा आवाज ओळखता आला नाही. दहा वर्षं ज्या घराचे हप्ते भरतोय त्या घरात! दार ओढलं, ढकललं, विनवलं. कुलपाची अडीअडचणीची किल्ली मी सुरक्षित जागी ठेवली होती, म्हणजे कारखान्यातल्या माझ्या कपाटात. बाहेर डॉक्टर बॅट घेऊन उभे होते आणि बऱ्या बोलानं बाहेर या म्हणत होते. मी म्हटलं, तेच तर करतोय.

एवढ्यात भोंगा थांबला आणि स्पीकरमधून आईंचा आवाज आला.

"जावईबापू, आधी कपडे घाला. मग दार उघडते."

मी मुकाट्यानं सदरा चढवला. दार उघडण्यापूर्वी त्या हळूच म्हणाल्या, "आता कळलं ना, आत कसं वाटतं ते?"

दादा, त्या बंद घरात मी जेमतेम पाव तास होतो. आई तीन आठवडे होत्या, आणि दार मी लावलं होतं. त्या परत आल्यावर मी माफी मागितली आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे सगळे नियम पुसायला बसलो. तर ते मला पुसताच येईनात. सेवेच्या मदतकेंद्रातल्या बाई म्हणाल्या, खातं ज्यांच्या नंबरवर आहे त्या मालकीणबाईंना फोन द्या. (रविवारी भोंगा वाजताच 'थांबवा', 'बोला', 'उघडा' ही बटणं आईंच्या फोनवर गेली होती, ती त्यामुळेच.) आईंनी नवा चष्मा लावून सगळं नीट समजून घेतलं. आता दार आतून केव्हाही उघडतं, आई हवं तेव्हा वर्तमानपत्र आणतात आणि घर चकार शब्द काढत नाही. चोरांसाठी मात्र भोंगा आहे तसाच आहे.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
सुरक्षा अधिकारी (फक्त कारखान्यापुरता)

ता. क. : मूळ काम राहिलंच. दार कुणाला उघडायचं याची त्या सेवेत एक यादी असते. तीत आईंनी तुमच्या बहिणीला 'घरचे' मध्ये घातलंय आणि मला 'पाहुणे' मध्ये. जावई तो पाहुणाच, असं त्यांचं म्हणणं. माझ्या फोननं दार उघडत नाही, बेल वाजवावी लागते. तुम्ही थोरले, तुमचा शब्द त्या मोडणार नाहीत. तेवढं मला घरचं करायला सांगा.

ता. क. २ : बाळा, पाकिटाला डिंक मागायला जावईबापू माझ्याकडे आले, म्हणून वाचलं. लिहिलंय ते खरं आहे. पण इतकी वर्षं हे कारखान्यातून आले की सरळ आपल्या खोलीत जायचे. आता बेल वाजवतात, मी दार उघडते, आणि दारातच आमच्या चार गोष्टी होतात. तू एवढ्यात मध्ये पडू नकोस. — आई