मोरीतली पोती

४ जून
सरांनी बोळ बंद केला. शेजारचे सर रिटायर झाले, पण शिकवायची खोड गेली नाही. माझ्या अंगणातलं पाणी ह्याच बोळातून खाली नाल्याला जायचं, लग्न होऊन आले तेव्हापासून. तिथं आडवी भिंत! "पाण्यानं जावं कुठून?" म्हटलं. म्हणे, "ताई, तुम्हीपण भराव टाकून घर वर घ्या." घर काय पातेलं आहे उचलायला? भांड भांड भांडले, तेव्हा भिंतीच्या तळाला एक मोरी ठेवली. उपकारच की.
रस्ता तर मागंच वर गेला, सिमेंटवर सिमेंट. कॉलनीतलं पहिलं घर माझं, आता सगळ्यांत खाली.

१९ जून
पाऊस ४-१०. अंगणात पाणी ४-२५.
वरच्या माळावर ज्वारी होती तेव्हा पाणी खाली यायला माझ्या सगळ्या भाकरी थापून व्हायच्या. आता तिकडं नुसतं प्लॉटिंग, फरशा. चहा उकळत नाही तोवर दारात. गोदावरी राहिली लांब, नांदेडात आम्ही अंगणातल्या पाण्यात बुडणार.
मोरीतून गेलं सगळं.

२ जुलै
सरांनी मोरीत वाळूची पोती कोंबली. सकाळी ९ वाजता, माझ्या डोळ्यांदेखत. म्हणे वास येतो, साप येतात. "तुमची घाण माझ्या दारातून कशाला?" मेल्याचं तोंड बघू नये.
बोळाच्या खालच्या टोकाला कौसाबाई राहते, परकर शिवते. तिला सांगितलं तर हसली. "त्या मास्तराच्या नाकावर ठिवा एक पोतं." मग हळूच, "माझ्याकडं पाणी येत न्हाई आता, खोटं कशाला बोलू. पर तुमचं कसं वो ताई?"

१४ जुलै
दुपारी पाऊस ३-०५. अंगणात ३-१५. घरात ३-३०. पिठाचा डबा तरंगला. गाद्या गेल्या. ह्यांचा फोटो तेवढा उचलला.
सरांना हाका मारल्या. खिडकीतून म्हणाले, "कॉर्पोरेशनला फोन करा." खिडकी लावली. असा राग आला, असा…
लोखंडी सब्बल घेतली. ३-५० ला पोती निघाली, वरची अर्धी भिंतपण गेली. पाणी असं धावलं! ४ वाजता घर रिकामं. लई बरं वाटलं.

१५ जुलै
कौसाबाईची मागची भिंत पडली. मशीन चिखलात आडवी. ती परकर द्यायला बाजारात गेली होती म्हणून वाचली.
सब्बल घातली तेव्हा ती घरात आहे का, हे माझ्या मनात आलंच नाही. आलंच नाही.
लातूरहून लेकीचा फोन. "आई, तुझं घर वाचलं ना?" हो म्हटलं.

१६ जुलै
कौसाबाई सांगत फिरतेय, मास्तरानं पाणी तुंबवलं अन् पोती फुटली. सर चौकात शपथ घेऊन सांगतात, "मी पोती ठेवलीच नव्हती." शिक्षक माणूस, सगळ्यांना खरं वाटतं.
उद्या पंचनामा. कौसाबाईनं हात धरला माझा. "ताई, तुमच्या वहीत टायमासकट लिवलेलं ऱ्हातंय. तेवढी वही घिऊन या. माझं दुसरं कोण हाय?"
येते म्हणाले.

१७ जुलै
सकाळपासून वही मांडीवर. दोऱ्यानं शिवलेली. चौदा-पंधरा तारखेचं पान ओढलं की जोडीचं पान सुटतं, अन् जोडीला आहे दोन तारीख. पोती कोंबल्याचं तेवढ्याच पानावर आहे. दोन्ही राहतील, नाहीतर दोन्ही जातील.
सरांना सोडायचं नाही. सोडणार नाही मी त्याला. पण मग…
कौसाबाई आली, ओट्यावर बसली. चिखलाच्या चपला बाहेरच काढल्या, माझी फरशी घाण होऊ नये म्हणून. म्हणते, "निवांत लिवा ताई. सायेब यायलेत अजून."