खुंटीवरचा बिल्ला

ता. ११ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघंही एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून लिहिते आहे. आईने तुला जे सांगितलं त्यात रडणं जास्त होतं आणि माहिती कमी. घडलं ते असं:

१. परवा रविवारी आई आणि मी बोटीने बेटांच्या सफरीला गेलो. कप्तान, पाण्यात सोबत उतरणारी एक गाइड आणि आमच्यासारखे वीसएक प्रवासी.

२. बोटीच्या शिडीजवळ एक फळी आहे. तिच्यावर खुंट्या, प्रत्येक खुंटीवर नंबरचा बिल्ला. पाण्यात उतरताना आपला बिल्ला काढून मनगटाला बांधायचा, वर आलं की पुन्हा खुंटीला लावायचा. सगळ्या खुंट्या भरल्या की बोट हलते.

३. दुसऱ्या बेटामागे प्रवाळाचे खडक आहेत. तिथे कासवं दिसतात. मी तोंडात श्वासाची नळी धरून उतरले. आई वरच थांबली.

४. माझा बिल्ला आईकडे होता.

५. माझ्यासारखाच निळा मास्क आणि तसाच काळा पोशाख असलेली एक बाई शिडीने वर आली. आईला ती मी वाटले. आईने माझा बिल्ला खुंटीला लावला.

६. फळी भरली. बोट गेली.

७. बोटी बांधायला तिथे एक मोठा तरंगता गोळा आहे. मी त्याची दोरी धरून राहिले. अंगात लाइफ जॅकेट होतं, बुडण्याचा प्रश्न नव्हता. वाटेत आईला वाटलं मी बोटीच्या पुढच्या टोकाला बसले असेन; पुढच्या बेटावर सगळे जेवायला बसले तेव्हा मी नसल्याचं लक्षात आलं. बोट परत आली.

८. मला काही झालेलं नाही. मान आणि हात उन्हाने भाजले आहेत.

आता आईबद्दल. ती या खोलीत माझ्यामागे सावलीसारखी फिरते आहे. खोली केवढी ते तू पाहिलं आहेस: पलंग, टेबल, खिडकी, झालं. तरी मी आंघोळीला गेले की ती दारावर टकटक करून आहेस ना असं विचारते. काल प्रयोगशाळेत जायला निघताना तिने मला जिन्यापर्यंत सोडलं आणि संध्याकाळी मी आले तेव्हा ती त्याच पायरीवर बसलेली होती. मधल्या वेळात वर गेली होती की नाही, ते ती सांगत नाही. कप्तानाला तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं की चूक तिची, तिचंच डोकं ठिकाणावर नाही. तो बिचारा स्वतःच घाबरलेला, त्याने मान हलवली. गुरुवारी तिला गाडीत बसवून देते.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा लोभ या पत्रामुळे कमी होऊ नये.

तुझी,
धाकटी


ता. १४ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या वहिनीने ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं की ही मुलगी स्वतः समुद्रात राहिली होती की हिच्या प्रयोगशाळेतला एखादा दाबमापक पाण्यात पडला होता. मी म्हटलं, आमच्या घरात ही अशीच आहे. लहानपणी पडली की रडायच्या आधी किती उंचावरून पडली ते सांगायची.

थट्टा पुरे. मला रविवारपासून धड झोप नाही. दुकानात एका गिऱ्हाइकाला खोकल्याच्या औषधाऐवजी पोटाचं देत होतो, मदतनिसाने हात धरला. डोळे मिटले की मला तू दिसत नाहीस, ती फळी दिसते. सगळी भरलेली.

तेव्हा मी ठरवलं आहे. आईला आता एकटं ठेवायचं नाही. आजीचं असंच सुरू झालं होतं, तू लहान होतीस. आधी माणसांची अदलाबदल, मग दिवसांची, शेवटी ती आईलाच ताई म्हणायला लागली होती. मागच्या वर्षी आईकडून दूध जळून भांडं काळंठिक्कर झालं, ते मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आता नेणार नाही. आमची मागची खोली रंगवून घेतली आहे. तिच्या घराला भाडेकरूही मिळाला आहे: दुकानाला माल पुरवणारा माणूस, नवरा-बायको दोघंच, नीटनेटके. एक तारखेला येतो म्हणतात. आईशी फोनवर बोललो. ती लगेच हो म्हणाली. जी बाई आमच्याकडे चौथ्या दिवशी पिशवी भरायला लागते, ती लगेच हो म्हणाली. यावरून काय ते समज.

एक विचारू? तुझा चार नंबरचा मुद्दा. बिल्ला मनगटाला बांधायचा असतो असं तूच दोनमध्ये लिहितेस. मग तो आईकडे कसा?

आमचा लोभ मोजून दिलेला नाही. तू मात्र शब्द मोजून पत्रं लिहितेस.

तुझा,
दादा


ता. १७ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: बिल्ल्याची दोरी माझ्या घड्याळात अडकत होती. मी तो काढून आईला धरायला दिला.

आता बाकीचं. आई आजीसारखी होते आहे, याला तुझ्याकडे दोन पुरावे आहेत. दुधाचा पुरावा बाद कर. ते जळलं तेव्हा ती तुझ्याशी फोनवर बोलत होती आणि तू तिला नव्या फ्रीजची सगळी वैशिष्ट्यं सांगत होतास. मी तिथेच होते. राहिला बिल्ला. मास्क लावला आणि तोंडात नळी घातली की माणसाचा चेहरा उरत नाही. पाण्यात उतरताना गाइडनेही त्या बाईला माझ्या नावाने हाक मारली होती.

उलट बाजू सांगते. परतीच्या बसमध्ये आईने मला बोटीवरची सगळी माणसं पाठ म्हणून दाखवली. कुणाला उलटी झाली, कोण निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी लाटांनासुद्धा कसं शिस्तीत यायला सांगितलं, नवं लग्न झालेल्या जोडप्यात कोण कुणावर का रुसलं. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला एवढं जमत नाही.

भाडेकरूला थोडं थांबायला सांग. मला नीट विचार करायचा आहे. गेले चार दिवस कामात लक्ष नाही. एक दाबमापक तीन वेळा तपासला आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर आलं. मग कळलं की मीच तो तिरका धरत होते.

पत्र घाईत पुरं करते. लोभाबद्दल पुढच्या वेळी.

तुझी,
धाकटी


ता. १९ फेब्रुवारी

चि. थोरल्यास आणि चि. धाकटीस,
दोघांनाही खूप खूप आशीर्वाद.

एकच मजकूर दोनदा लिहून दोघांना पाठवते आहे, म्हणजे हिला काय लिहिलं आणि त्याला काय, अशी तपासणी नको. तुम्ही दोघं माझ्यावरून एकमेकांना पत्रं लिहिता आहात हे मला कळतं. माझ्यामुळे तुमच्यात वाकडं येऊ नये. मी थोरल्याकडे जाते. सामान बांधायला घेतलं आहे. भांडी निम्मी शेजारी दिली. शेजारीण म्हणाली, अहो, निदान कढई तरी ठेवा, रुसून परत यायची वेळ आली तर. मी म्हटलं, या वेळी कढईसकट रुसेन.

खरं सांगते, मला आता माझाच भरवसा वाटत नाही. गॅस बंद केला की तीनदा पाहते. चौथ्यांदा उठते तेव्हा माझंच मला हसू येतं, पण उठते.

काल दाराजवळची किल्ल्यांची फळी उतरवत होते. तुम्ही दोघं शाळेत होतात तेव्हा तुमच्या बाबांनी ठोकलेली. घरात आलं की आपापली किल्ली आपापल्या खुंटीला, असा त्यांचा नियम. तुम्ही कधी पाळलात? एकाची किल्ली दप्तरात, एकीची टेबलाखाली. रोज मीच शोधून लावायची. चारही लागल्या की कडी घालायची आणि दिवा मालवायचा. पुढे तुम्ही बाहेरगावी गेलात तरी तुमच्या किल्ल्या तिथेच होत्या. ती फळी हातात घेतली आणि मी तिथेच स्टुलावर बसले. बोटीवरही मी तेच केलं की. हातात हिचा बिल्ला होता, शिडीवर हिच्यासारखी कुणीतरी दिसली, हाताने आपणहून तो खुंटीला लावला. मी विचारच केला नाही. विचार केला असता तर चेहरा पाहिला असता. हीच माझी चूक.

धाकटे, तू पाण्यात दिसत होतीस तोवर मी तुझ्याकडेच पाहत होते. तुझ्याखाली ते कासव, एवढं अवजड जनावर, पण काय सावकाश चाललं होतं, आणि वर तू, तशीच सावकाश. तुला इतकं बिनघाईचं मी कधी पाहिलं नव्हतं. मग मुख्याध्यापक काहीतरी सांगायला लागले, माझं तोंड वळलं. परत बोलावणारा भोंगा दोनदा वाजला होता. तुला ऐकू आला नसेल. कानात पाणी जातं म्हणतात. कप्तानालाही मी तेच सांगितलं.

एक तुम्हाला सांगायचं राहिलं. धाकटी उतरल्यावर मी शिडीच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसले होते, पाय पाण्यात सोडून. एक बोटभर मासा येऊन माझ्या अंगठ्याला टोचून गेला. गाइड हसली. म्हणाली, मावशी, पुढच्या थांब्याला वाळूचं उथळ पाणी आहे, पायाशी पाकटं येतात, थव्याने पोहणारी चपटी मोठी मासळी, काही करत नाहीत, तिथे मी तुम्हाला हात धरून उतरवते. मी हो म्हटलं होतं. पोशाखही ठरला होता, तिचा जास्तीचा. मग तो थांबा झालाच नाही. असू दे. या वयात हे डोहाळे कशाला.

फळी कुठे ठेवू ते सांगा. भाडेकरूला तिचा काय उपयोग.

तुमच्या दोघांवर माझी माया सारखीच आहे, कमीजास्त वाटली तर ते पत्राचं अंतर समजा.

तुमची,
आई


ता. २३ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

आईचं पत्र तुलाही मिळालं असेल. माझ्या पहिल्या पत्रात दुरुस्ती करायची आहे.

चौथा मुद्दा असा वाचावा: बिल्ला दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, हे गाइडने सांगितलं होतं आणि मला ते समजलं होतं. आईने नको म्हटलं. मी म्हटलं, आई, धर ना जरा. मी दप्तर, छत्री, पाकीट, सगळं असंच तिच्या हातात देत आले आहे.

पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये एक मुद्दा राहिला, तो असा: भोंगा वाजला. मला ऐकू आला. दुसराही ऐकू आला. माझ्या कानात पाणी गेलं नव्हतं.

का आले नाही ते सांगते. आई माझ्याकडे आली त्याला आठवडा झाला होता. त्या आठवड्यात मी कधी येणार, काय खाल्लं, हाच शर्ट का, रात्री कूस का बदलत होते, हे मला सारखं विचारलं जात होतं. मी उत्तरं देत होते. सफर ठरवली तीही खोलीतून बाहेर पडायला. पाण्याखाली कुणी काही विचारत नव्हतं. कासव वर आलं, नाकपुड्या पाण्याबाहेर काढून एक श्वास घेतला आणि पुन्हा खाली गेलं. मी त्याच्या मागे होते. पहिला भोंगा झाला तेव्हा म्हटलं, थोडं अजून. दुसरा झाला तेव्हा म्हटलं, माझ्यावाचून कशी जातील. आई आहे ना वर. खडकाला वळसा घालून मी पलीकडे गेले. तिथून बोट दिसत नव्हती आणि बोटीवरून मी.

बोटीच्या इंजिनाचा आवाज लांब जायला लागला तेव्हा मला आधी बरं वाटलं. हेही लिहून ठेवते. भीती त्यानंतर आली, आणि आली ती चांगलीच आली. त्या दोरीवरचे शंख मला तळव्यात अजून जाणवतात. बोट परतली तेव्हा आई कठड्यावरून निम्मी बाहेर वाकली होती आणि तिचा पदर मुख्याध्यापकांनी धरून ठेवला होता. ती मला माफ कर म्हणाली. मी काही बोलले नाही. त्या वेळी बोलायला हवं होतं. बारा दिवस मी तुला फक्त ते सांगितलं जे माझ्या सोयीचं होतं, आणि त्यावर तू घर भाड्याने दिलंस.

माझ्या कामात काटा चुकीचा आकडा दाखवतो तेव्हा आधी हे ठरवावं लागतं की काटा बिघडला आहे की वापरणाऱ्याने तो चुकीचा धरला. आई बिघडलेली नाही. मी नियम मोडला आणि हाक ऐकून गेले नाही. तिच्या हाताने तेच केलं जे तो आपल्यासाठी इतकी वर्षं करत आला. तुझ्या किल्लीसाठीही. दप्तरात ठेवणारा तूच होतास.

आजीची भीती तुला आहे, मलाही आहे. डॉक्टरांना एकदा दाखवू या, मी रजा काढून बरोबर जाईन. पण त्या एका रविवारच्या जोरावर तिचं घर काढून घेणं बरोबर नाही. हे सगळं मी काल तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, मला भोंगा ऐकू आला होता हे तिला माहीत होतं. मी पळ काढला की तो तिला माझ्या खांद्यांवरून लहानपणापासून कळतो. मी विचारलं, मग कप्तानाला तसं का सांगितलंस? म्हणाली, तुला कुणी परक्याने बोललेलं मला चाललं नसतं. आणि मग, जरा रागाने, म्हणाली की ती पाकटं मात्र तू घालवलीस.

म्हणून मी पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्याच बोटीवर जागा धरल्या आहेत. गाइड आईला उथळ पाण्यात उतरवायला तयार आहे. कप्तानाने अट घातली आहे की प्रत्येकाचा बिल्ला प्रत्येकाच्याच हातून खुंटीला लागेल. जागा चार आहेत. तू आणि वहिनी आलात तर भरतील. समुद्रावर तुला मळमळतं हे मला माहीत आहे. तरी ये.

आईने किल्ल्यांची फळी अजून पुन्हा ठोकलेली नाही. सामानही सोडलेलं नाही. कढई मात्र शेजारून परत आणली आहे.

तुझ्या रागाला जागा ठेवून, आणि तुझा लोभ धरूनच,

तुझी,
धाकटी

ता. क. भाडेकरूला नकार कळवलास की नाही, ते मला शुक्रवार, ता. २८ पर्यंत कळव.