शेपटीतल्या पाच वायरी

२९ ऑगस्ट
दिवे खोटं बोलतायत!
इंजिनियर ह्रूबेश सकाळी आमच्या विमानाच्या तपासणीला आले. सगळं नीट चाललं होतं. मग म्हणाले, ट्रिम दाखवा, म्हणजे नाक वर-खाली धरणारी शेपटीची पट्टी. मी आत बसून 'नाक खाली'चं बटण दाबलं. समोरची दिव्यांची ओळ खाली सरकली, बरोबर. पण ह्रूबेश शेपटीपाशी उभे होते. म्हणाले, पट्टी उलटी फिरतेय, नाक वर करायला. तीनदा केलं. तीनदा तेच.
म्हणजे उडताना दिव्यांवर भरवसा ठेवला असता तर विमान नाक वर करून उभंच राहिलं असतं आणि मग दगडासारखं खाली. जेवलो नाही.
लोयझा म्हणाला, दोन वायरींची अदलाबदल करतो, पाच मिनिटांचं काम. ह्रूबेश नाही म्हणाले. कारण सापडल्याशिवाय उड्डाणाला सही नाही.

३० ऑगस्ट
वायरी लोयझाच्या, लाकूड माझं. विमान बांधायला घेतल्यापासून अकरा वर्षं हीच वाटणी. तो टीव्ही दुरुस्त करायचा, मी सुतार, आठवीनंतर शाळा नाही. मग चूक कोणाची हे वेगळं काय सांगायचं?
खुर्ची एकच आहे. पहिलं उड्डाण कुणाचं ते खानावळीत काड्या ओढून ठरवलं होतं. लांब काडी त्याला आली. तेव्हा हसलो होतो. नंतर अकरा वर्षांत एकदाही हसू आलं नाही.

३ सप्टेंबर
लोयझाने दिव्यांची पेटी बदलली. तेच. शेपटीतल्या मोटरच्या पाचही वायरी एकेक करून मोजल्या. सगळ्या ठीक, म्हणतो. ठीक कशा असतील?
उडायला लागणारा त्याचा डॉक्टरचा कागद तीस तारखेपर्यंतच. हृदयाचं आहे, पुढे मिळणार नाही. बायकोने, द्राहाने, रात्री जेवताना तीनदा सांगितलं. भाऊ तिचा, मला माहीत नाही का?

८ सप्टेंबर
चूक लोयझाच्या वायरींची, असं आज फ्लाइंग क्लबातल्या सगळ्यांसमोर बोललो. लोयझा म्हणाला, "जिंद्रा, मोटर काय करते ते दिवा सांगतो. मोटरच्या पुढचं तुझं लाकूड आहे. शेपटी उघडून बघू या."
उघडू? तीन हात रंग दिलाय! कापड ताणून, घासून. मी म्हणालो, "तुझे हात थरथरतात, डोळे गेलेत. घरातला फ्यूज तुला धड बसवता येत नाही, आणि विमान उडवणार?"
क्लबातला टोंडा हसला. मग बाकीचेही हसले. लोयझाने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा शेपटीखाली शिरला.
बरं वाटलं. लिहितोय कारण हे कुणी वाचत नाही.

९ सप्टेंबर
द्राहाने लसणाचं सूप ठेवलं आणि उठून गेली.

१२ सप्टेंबर
सगळी वायरिंग उपसून पुन्हा टाक म्हणालो. टाकतोय बिचारा. गुडघ्यावर बसून. विमानाची खोली बंद करून जाताना मी कुलूप चारदा ओढून बघितलं. हल्ली माझं असंच होतं. इंजिनाचे नटसुद्धा पुन्हा पुन्हा हाताने चाचपतो.

१९ सप्टेंबर
लोयझा दवाखान्यात गेला होता. मी एकटा. झोप नव्हती आठ दिवस. शेवटी ब्लेड घेतलं, शेपटीखालचं कापड कापलं.
पट्टीला मोटरची दांडी जिथे अडकते तो कान उलट्या अंगाला बसवलाय. शेजारी पेन्सिलीचा बाण. वर, असं लिहिलंय. बाण जमिनीकडे.
अक्षर माझं.
ते काम केलं तेव्हा शेपटी लाकडी घोड्यांवर पालथी होती. पोट वर. तेव्हा बाण खरंच वर होता. सुलटी केल्यावर बघायला हवं होतं, नाही बघितलं.
कान काढला, दुसऱ्या अंगाला बसवला. बाण घासून टाकला. बटण दाबलं, दिवे आणि पट्टी जोडीनं चालतात. दिवे पहिल्यापासून खरं बोलत होते.
कापड चिकटवलं. रंगाचा पहिला हात दिला.

२० सप्टेंबर
सांगायला हवं. अजून दहा दिवस आहेत त्याच्याकडे.

२१ सप्टेंबर
लोयझाने विचारलं, शेपटीला रंगाचा वास कसला? म्हणालो, ओरखडा पडला होता. त्याने मान हलवली. बटण बघू म्हणाला. बॅटरी उतरलीय, म्हणालो. ती मीच काढून घरी आणली होती.

२५ सप्टेंबर
स्वच्छ ऊन. वाऱ्याची झुळूकही नाही.

३० सप्टेंबर
आज त्याचा कागद संपला. दिवसभर गवत कापलं.

१ ऑक्टोबर
बॅटरी लावली. ह्रूबेशना बोलावलं. म्हणालो, शेपटीतल्या वायरी खराब होत्या, मी नीट केल्या. लोयझा समोरच होता. ह्रूबेशनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने चष्मा काढून पुसला. ह्रूबेशनी सही केली.

२ ऑक्टोबर
उडालो!
वीस मिनिटं. खाली द्राक्षांचे मळे, नदी, आमचं चर्च बोटाएवढं. हातातली सुकाणूची दांडी सोडली तरी नाक जागचं हललं नाही. दिवा बरोबर मधला. मी रडलो, वर कोण बघतंय.
चाकांपुढचे ठोकळे लोयझानेच काढले होते. उतरल्यावर रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी बादलीभर पाणी ओतलं माझ्यावर. बादली आणणाराही तोच. द्राहा आली नाही.

४ ऑक्टोबर
विमानात वायरी नाहीत. इंजिनाच्या, पंपाच्या, रेडिओच्या, सगळ्या गेल्या. एकही कापलेली नाही, स्क्रू सोडवून नेल्यात, स्क्रू परत जागी लावलेत. माझं लाकूड तेवढं उभं आहे.
घरी येऊन द्राहाला विचारलं. कपड्यांच्या घड्या घालता घालता, वर न बघता म्हणाली, "लोयझा म्हणाला, माझ्या होत्या त्या नेल्या. शेपटीतल्या पाच ठेवल्यात. त्या खराब आहेत ना."
घड्या तिच्या कपड्यांच्या होत्या. बॅगेत.