खंडूची जागा

मुलुंड, ता. १२ ऑक्टोबर १९६९

चि. चंदर यास,
धाकूदादाचे आशीर्वाद. इकडे मी आणि तुझी वहिनी बरे आहोत. आईचा गुडघा कसा आहे ते कळव. तुझं पत्र पोचलं. नोकरीवाचून लग्न अडलंय, माझ्या कारखान्यात जागा झाली का, असं विचारतोस. झाली आहे.

आधी काम काय ते ऐक. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळला तर कळावा म्हणून त्यात मर्कॅप्टन घालतात, ते आमच्याकडे पिंपातून येतं. गंधकाची औलाद ती! सडक्या कोबीचा वास. सदऱ्यावर थेंब पडला की चाळकरी गॅस कुठे गळतोय म्हणून शोधत फिरतात, आणि गॅस चाळीत एकाकडेही नाही! विस्तव लांब ठेवायचा, हातमोजे घालायचे, सांडलं तर ब्लीचिंगचं पाणी ओतायचं. पिंपाच्या खोलीत एक जण मास्क लावून जातो, दुसरा दाराशी हुंगत उभा. हवा साफ झाली असं दारावरच्याने सांगितल्याशिवाय आतल्याने मास्क काढायचा नाही. दारावर जुना माणूस ठेवतात. म्हणजे मी.

आषाढात आईने पाठवलेली सुकट झकास होती असं मी लिहिलं, ते खोटं. दोन घास खाल्ले तोच तुझ्या सुलक्षणावहिनीने ताट ओढलं. "अहो, कुजलीय ती! वास येत नाही?" नाही आला. माशाच्या आमटीतल्या तिरफळाचाही येत नाही. मर्कॅप्टनने नाक मारलंय माझं. ती म्हणाली, साहेबांना सांगा. मी खेकसलो, "नोकरी काय तुझा बाप देणार?" तिने सुकट नेऊन टाकली. साहेबांना मी सांगितलंच नाही.

गेल्या मंगळवारी आत खंडू होता. नऊ वर्षांचा माझा जोडीदार. मास्कमधून ओरडला, "धाकू, वास गेलो काय रे?"

मी हुंगलं. म्हटलं, "गेलो. काढ."

त्याने काढला आणि दोन श्वासांत कोसळला. पिंपाचा वॉल्व्ह गळत होता.

वाचला तो. पण छाती कामातून गेली, पुन्हा कारखान्यात येणं नाही. साहेब इस्पितळात चौकशीला गेले तर पठ्ठ्या म्हणाला, मास्क मीच घाईने काढला. मी शेजारीच उभा होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं रे, तरी तोंड उघडलं नाही.

जागा झाली ती ही.

उद्या सोमवारी साहेबांना सगळं सांगणार आहे. मग दोन जागा होतील. तू एकीवरही येऊ नकोस. लग्न लांबलं तर लांबू दे.

आईला सुकटीचं बोलू नकोस.

खंडूला "काढ" म्हणालेला,
तुझा दादा
धाकू