एका खुर्चीचं घर

तीर्थरूप आत्यास,

दोन्ही हात भिंतीच्या रंगाने भरलेले आहेत, तेव्हा हा नमस्कार कोपरापासूनचा समजून गोड मानून घे. (पेन धरायला लागतात तेवढी बोटं पुसली आहेत. तरी कागदावर कुठे हिरवट डाग दिसला तर तो आमच्या स्वयंपाकघराचा रंग. दुकानातल्या डबीवर तो फार शांत दिसत होता.) आम्ही दोघं मजेत आहोत. म्हणजे ती मजेत आहे असं तिच्या चिठ्ठीवरून कळतं आणि मी मजेत आहे असं मी तिला चिठ्ठीने कळवतो. तुझी तब्येत कशी आहे? रीत म्हणून विचारत नाही, खरंच विचारतोय, कारण पुढे येईल. गुडघे, कंबर, झोप, पचन, सगळं एकेक करून कळव. तू लगेच म्हणशील, मला काय धाड भरलीय! तुझ्या हाताखाली मी लहानाचा मोठा झालो. त्या सगळ्या काळात गोवर काय, कांजिण्या काय, गालगुंड काय, जे म्हणून मिळालं ते मी घरात आणलं आणि तू रात्ररात्र उशाशी बसलीस, पण तुला कधी साधी शिंक आलेली मला आठवत नाही. तुझ्या या धडधाकटपणाचा मला आजवर अभिमानच वाटत आला. हल्ली मात्र त्याची जरा अडचण होते. तेही पुढे येईल.

फोन का केला नाहीस म्हणून रागावू नकोस. फोन पाहिला की हल्ली मी तोंड फिरवतो. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत माझी कायमची रात्रपाळी आहे हे तुला ठाऊक आहेच. अख्खं शहर मला फोन करून सांगतं, की नळाला पाणी नाही, किंवा आहे पण थांबत नाही, किंवा आपल्याला कमी येतं आणि शेजाऱ्याला जास्त. सगळ्यांना मी एकच सांगतो, नोंद घेतली आहे. आमच्या स्वयंपाकघरातला नळ इथे राहायला आल्या दिवसापासून ठिबकतोय. शेवटी घरून कचेरीत फोन करून मी रीतसर तक्रार केली. संध्याकाळी कामावर गेलो तर ती तक्रार माझ्याच टेबलावर येऊन पडलेली. मी नोंद घेतली आहे.

तुझ्या सुनेचं काम दिवसाचं. पलंग, गाद्या आणि टेबलखुर्च्यांच्या त्या मोठ्या दुकानात सजवलेल्या खोल्यांमधून तिने दिवसभर हिंडायचं आणि गिऱ्हाइकाला झोपून बघा, टेकून बघा म्हणायचं. स्वतः मात्र टेकायचं नाही, तसा तिथला नियमच आहे. एवढ्या पलंगांच्या मधोमध पाय दुखेपर्यंत उभं राहायचं म्हणजे काय शिक्षा आहे बघ. त्या खोल्या फार देखण्या आहेत. पडदे लागलेले, दिवे लागलेले, कपाटात पुस्तकं (आत पानं नाहीत, नुसत्या पाठी), टेबलावर फळं (प्लास्टिकची). तिथून ती आमच्या घरी येते, जिथे अजून अर्धं सामान खोक्यांत आहे आणि चमचे कुठल्या खोक्यात आहेत हे शोधायला सुरीने खोकं फाडावं लागतं, आणि सुरीही खोक्यातच आहे.

आता मुद्द्याचं सांगतो. नव्या घरात आलो त्याला बरेच महिने झाले आणि या घरात आम्ही दोघं एकदाही एका वेळी बसून जेवलेलो नाही. बाकीच्या तक्रारी सगळ्या याच्या खालच्या. मी घरात शिरतो तेव्हा ती गेलेली असते, ती शिरते तेव्हा मी. तिची सुट्टी फिरती, माझी त्याहून फिरती, आणि त्या दोघी अजून कुठे भेटलेल्या नाहीत. पलंग एकच आहे आणि तो कधी थंड होत नाही. मी आडवा होतो तेव्हा उशीला तिच्या डोक्याचा खळगा असतो. तिची बस आणि माझी बस सकाळी पुलावर समोरासमोर येतात, तेवढीच आमची गाठभेट. मध्यंतरी मी खिडकीतून अर्धा बाहेर निघून जोरजोरात हात हलवला, तर ती दुसरीच कुणी बाई निघाली. तिनेही तितक्याच जोरात हात हलवला. बिचारीचा नवरा रात्रपाळीला असणार.

अशाने घर कसं लागतं ते ऐक. सकाळी उन्हाची तिरीप थेट माझ्या डोळ्यांवर येते म्हणून मी कपड्यांचं कपाट (खाली चाकं आहेत, तिच्या दुकानातलंच) ढकलून खिडकीसमोर लावलं आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी पाहतो तर कपाट पुन्हा जागच्या जागी. तिसऱ्या दिवशी तेच. एवढं जड धूड ती एकटीने हलवेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही (ती दिवसभर पलंग सरकवते हे डोक्यात यायला हवं होतं, पण रात्रपाळीनंतर डोकं ही वस्तू मी फारशी वापरत नाही). माझी खात्री झाली, की जमीनच उताराची आहे आणि कपाट आपलं आपण घरंगळतं. हे तिला सांगायची सोय नव्हती, कारण घर तिने पसंत केलेलं. मी गुपचूप सुतार बोलावून चाकांखाली लाकडाच्या पाचरी ठोकून घेतल्या. संध्याकाळी तिला पाचरी दिसल्या. ठोकलेली वस्तू कुणाच्या तरी पायात येणार म्हणून तिने त्याच सुताराला बोलावून त्या काढून घेतल्या. असं काही वेळा झालं. सुतार दोन्ही वेळा हसतमुखाने यायचा. आता मला कळतं का ते.

हा उलगडा केला तो खालच्या मजल्यावरच्या काकांनी. भला माणूस, पण छतावरून रोज दोनदा गडगडाट होतो म्हणून कंटाळून वर आला. मला म्हणाले, सकाळी तुम्ही कपाट ओढता आणि संध्याकाळी त्या बाई ओढतात, तेव्हा दोघांनी मिळून एक काय ते ठरवा. मी म्हटलं, हो, बोलतो तिच्याशी. त्यावर ते जरा घुटमळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, की घरमालकाने एकच घर दोघांना भाड्याने दिलंय हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, पण आपण कशाला बोला. बाई मात्र सालस दिसते. तुम्हीही एकटेच, तीही एकटीच, विचार करून बघा, हवं तर मी शब्द टाकतो. आत्या, काय सांगू, मी दार लावून घेतलं आणि खोक्यावर बसून हसलो, आणि हसता हसता मला कसंतरीच झालं. त्यांचं चुकलं कुठे? त्यांनी आम्हाला एकत्र पाहिलेलंच नाही.

जेवणाची कथा याहून वाईट. मी परत येईन तेव्हा भुकेला असेन म्हणून ती पहाटे काहीतरी करून ठेवते, ती दमून येईल म्हणून मी निघण्याआधी करून ठेवतो. खरं म्हणजे मी कचेरीच्या कँटीनमध्ये पोट भरून येतो आणि ती दुकानातून खाऊन येते. पण तिने एवढं केलं आणि मी खाल्लं नाही हे तिला कळू नये म्हणून मी ते फ्रिजमध्ये मागे ढकलतो. तीही माझं मागे ढकलते. मग अन्न वाया जाऊ नये म्हणून मी मागचं पुढे काढून, गरम करून, तिच्यासाठी झाकून ठेवतो आणि ती माझ्यासाठी. भोपळ्याचं एक सूप असंच आमच्यात किती दिवस ये-जा करत होतं देव जाणे. दर खेपेला गरम करताना थोडं पाणी घालावं लागतं, त्यामुळे ते संपण्याऐवजी वाढत गेलं. शेवटी त्याला मोठं भांडं काढावं लागलं. वर फ्रिजच्या दारावर तिची चिठ्ठी होती, 'सूप छान झालं होतं.' मला वाटत होतं ते तिनेच केलंय.

या शहरात कुणी बसून जेवतच नाही असं मला हल्ली वाटतं. बसमध्ये लोक डबा मांडीवर ठेवून खातात, कठड्याला टेकून खातात, चालताना खातात आणि तोंड पुसायच्या आत फोन घेतात (पाणी नाही म्हणून तो मलाच केलेला असतो). सकाळी पावाच्या दुकानासमोर रांग असते, तिच्यात निम्मे कामावरून परतणारे आणि निम्मे कामावर निघालेले. सगळे एकाच तोंडाने जांभया देतात, पाव कुठल्या जेवणाचा हे प्रत्येकाचं वेगळं. तुझ्याकडे ताटं वाढून झाल्यावर सगळे येईपर्यंत घासाला हात लावायचा नाही असा नियम होता. तेव्हा मला तो जुलूम वाटायचा. आता वाटतं, आमच्याकडेही कुणीतरी तसा जुलूम करणारं हवं होतं.

एकदा मात्र आम्ही एकत्र जेवलो, खोटं का बोलू. घरात नव्हे, दुकानात. माझी सुट्टी होती, तिची नव्हती, तेव्हा मी डब्यात पाव आणि उकडलेली अंडी घेतली आणि गिऱ्हाईक होऊन गेलो. तिने मला सर म्हणून हाक मारली आणि अदबीने सहा जणांच्या जेवणाच्या टेबलाशी बसवलं. टेबलाची उंची दाखवायच्या निमित्ताने समोर स्वतःही टेकली. मध्ये प्लास्टिकची सफरचंदं, वर लोंबता दिवा, मागे पानं नसलेली पुस्तकं, आणि आम्ही दोघं टेबलाखाली डबा धरून अंडी खातोय. ती म्हणाली, मीठ आणलंस का? मी म्हटलं, मीठ खोक्यात आहे. इतकं सुख मला कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. तेवढ्यात तिचे साहेब आले. ती ताडकन उठली आणि म्हणाली, पाठीला फार चांगला आधार आहे, सर. माझ्या तोंडात अख्खं अंडं. मी मान डोलावली. साहेबांना वाटलं सौदा झाला. अशा रीतीने आमच्या घरात एक खुर्ची आली. टेबल नाही, एकच खुर्ची. पण पुरते, कारण घरात एका वेळी एकच माणूस असतं.

बाकी सर्व क्षेम. अंगणातल्या झाडांना आणि तुझ्या त्या चावऱ्या मांजरीला माझा नमस्कार.

तुझा,
थोरला (आणि एकुलता एक) भाचा

ता. क. आता ते पुढे येणारं कारण. आत्या, येत्या शुक्रवारपासून सोमवारपर्यंत तू आजारी पडशील का? आमच्या साहेबाला रजा मागितली की पोटात दुखतं, पण जवळच्या माणसाचं आजारपण म्हटलं की तो नाही म्हणत नाही. तिच्या साहेबांचंही तसंच. आणि आम्हा दोघांना मिळून जवळचं असं माणूस एक तूच आहेस. पडसं नको, त्याला कुणी विचारत नाही. हृदयाचं नको, माझाच थरकाप होईल. गुडघा चालेल. तुला येऊन भेटणं जमणार नाही, कारण ते चार दिवस आम्हाला घरात बसून नुसतं जेवायचं आहे. ती खुर्चीवर, मी खोक्यावर. खोटं बोललो म्हणून तू मला कितीदा फोडून काढलंस ते विसरलो नाही. तरी एकदाच.

ता. क. २ तुझ्या सुनेला यातलं काही कळू देऊ नकोस. तिला खोटं अजिबात खपत नाही. पत्रपेटी तिच्या वाटेवर आहे, म्हणून पाकीट चिकटवून तिला दिसेल अशा जागी, सुपाच्या भांड्यावर ठेवतो आहे.

आत्या, नमस्कार. हे अक्षर माझं, तुमच्या सुनेचं. सूप गरम होतं, वाफेने पाकीट आपोआप सुटलं. (मग मी वाचलं, ते मात्र आपोआप नाही.) तुम्ही आजारी पडा असं मीच मागच्या आठवड्यात तुम्हाला फोन करून सांगितलं होतं, हे त्याला अजून माहीत नाही. मला वाटलं, तुम्ही रागावाल. तर म्हणालात, "अगं, नाटक कशाला? गुडघा खरंच गेलाय माझा. भिंत धरून चालते. त्याला सांगू नकोस हं, नव्या घराच्या गडबडीत आहे तो." मी हो म्हटलं. ते मी पाळणार नाही. पण ही गोष्ट फ्रिजच्या दारावर चिठ्ठी लावून सांगायची नाही, म्हणून इतके दिवस थांबले. त्याच्या साहेबांशी मीच बोलले. दोघांनाही शुक्रवारपासून रजा मिळाली आणि खोटं एक अक्षर बोलावं लागलं नाही. आम्ही तुमच्याकडे येतोय. बसमध्ये शेजारी बसून मी त्याला सांगेन, म्हणजे त्याला रडू आलं तर मी जवळ असेन. येताना तुम्हाला घेऊनच यायचं आहे. कपाट मी खिडकीसमोरून कायमचं हलवलंय, तिथे तुमचा पलंग येईल. दुकानात आणखी दोन खुर्च्या सांगितल्या आहेत, उंच बैठकीच्या, गुडघ्याला सोप्या. नाही म्हणू नका. तुम्ही आलात की आम्ही घासाला हात लावायला एकमेकांसाठी थांबू, तुम्ही थांबवालच.

फक्त खालच्या मजल्यावरच्या काकांचं काय करायचं ते सुचत नाही. शुक्रवारी आम्ही दोघं पिशव्या घेऊन एकत्र जिना उतरताना दिसलो की ते चाट पडणार आहेत. आणि परत येताना बरोबर तुम्ही असाल, म्हणजे वडीलधारं माणूस पाहून स्थळ पक्कं झालं अशी त्यांची खात्रीच होईल.