परत धाडलेला पाट

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि काल मी रोह्यात तुमचं नाव घालवून आलो.

धाटावच्या एका कंपनीच्या मॅनेजर लोकांना शिकवायला गेलो होतो. "मोठ्या साहेबांना तू रे काय शिकवतोस?" असं तुम्ही विचारायचात. धंद्याची दिशा कशी ठरवायची ते, असं मी सांगायचो, आणि तुम्ही हसून पुन्हा माती मळायला लागायचात. जन्मात कधी धंदा न केलेला माणूस धंदेवाल्यांना शिकवतो, यात हसण्यासारखं होतंच. पण त्यावर माझं बरं चाललं. वर्ग भरतात, टाळ्या पडतात. सगळ्यात जास्त टाळ्या तुमच्या गोष्टीला पडतात.

गोष्ट त्या वर्षीची, तुम्ही तापाने पडला होतात आणि मी सुट्टीला पेणला आलो होतो. घरोघरचे पाट आपल्या गणपतीच्या कारखान्यात रांगेने लागलेले. ज्याच्या त्याच्या पाटावर त्याचा गणपती घडायचा. खाडीकडच्या एका मिठागरवाल्या घराचा पाट उशिरा आला. कामाचा ढीग बघून मी, नुकताच प्राध्यापक झालेला शहाणा, पाट घेऊन आलेल्या त्यांच्या कामाच्या बाईला म्हणालो, "यंदा जमणार नाही." ती पाट उचलून गेली. तुम्हाला कळलं तसे तुम्ही अंथरुणातून उठलात. "पाट परत धाडतात व्हय रे? आता त्यांचा गणपती काय तुझ्या डोक्यावर बसवायचा?" अंगात ताप घेऊन वडखळच्या पुढे गेलात, पाट काखेत मारून आणलात. त्यांना सांगितलंत, आमची चूक झाली. माझं नाव काही घेतलं नाहीत.

वर्गात मी हे उलटं सांगतो. जेवणानंतर डुलक्या घेणाऱ्या साहेबांपुढे एकदा तोंडातून निघून गेलं, "माझ्या वडिलांनी आलेला पाट परत केला. नाही म्हणता येणं हीच खरी स्ट्रॅटेजी." सगळे जागे झाले. माझ्या तोंडी जे उद्धट वाटलं असतं, ते हात मातीने भरलेल्या बापाच्या तोंडी शहाणपण वाटलं. मग मी ते सोडलंच नाही. तुम्ही पाट परत आणायला गेलात, हे कधी सांगितलं नाही, कारण ते सांगितलं की माझा धडाच उरत नाही. लाज वाटायची आबा, पण टाळ्या पडेपर्यंतच.

काल चहाच्या वेळी त्यांच्यातली एक अधिकारी बाई जवळ आली. "सर, तो पाट आमचा होता," ती म्हणाली. "आबा तापात आमच्या दारात आलेले. माझी आय अजून म्हणते, त्यांनी नसंल धाडला, दुसऱ्या कोणी धाडला असंल. आबा तसं करनारा मानूस नाय." मग जरा हसून म्हणाली, "आज कळलं, त्यांनीच धाडलेला. आयला सांगते आता."

तो मी, एवढंच म्हणायचं होतं. पण तिच्या मागे तिचे साहेब उभे होते आणि माझं दुपारचं सत्र बाकी होतं. "आईंना माझा नमस्कार सांगा," मी म्हणालो.

हे सगळं खरं तर तिच्या आईला लिहायला हवं. पण तिला लिहिलं तर पत्र पोचेल, म्हणून तुम्हाला लिहितोय.